टी-बॉल: पाच ते आठ वर्षांच्या पोरांचा बेसबॉलचा पहिला वर्ग कसा घ्यावा

पाच वर्षांच्या पोराच्या हातात बेसबॉलची बॅट दिली की ते आधी तिचं टोक जमिनीला टेकवतं आणि वाकून समोर बघतं. गल्लीत आणि टीव्हीवर त्यानं तेच पाहिलेलं असतं. चेंडू मारला की ते पळत नाही, रन निघतोय का ते बघतं. पळालंच तर बॅट हातात घेऊन पळतं. ते काही चूक करत नसतं, क्रिकेट खेळत असतं. लहान गटाला शिकवणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे या सवयी न रागावता सोडवणं. उरलेलं निम्मं म्हणजे पोरांना रांगेत उभं न ठेवणं.

या वयात खरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नसतो. चेंडू 'टी' नावाच्या खुंटावर ठेवायचा, पोरानं तो मारायचा आणि पळायचं. खेळ तोच, फक्त हलता चेंडू मारण्याची अवघड पायरी पुढे ढकललेली. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत टी-बॉल ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी असतो. आपल्याकडे कोल्हापुरात पहिली-दुसरीतली पोरंही पहिल्यांदाच बेसबॉल बघत असतात, त्यामुळे ८ वर्षांपर्यंत हाच खेळ ठेवा. मात्र ५-६ आणि ७-८ असे दोन गट वेगळे करा. सात वर्षांच्या पोराची फेक पाच वर्षांच्या पोराच्या तोंडावर बसू शकते.

मैदान आणि आखणी

शाळेच्या मैदानाचा ३० मीटर बाय ३० मीटरचा कोपरा पुरतो. मुरूम असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी दोन माणसांनी चालत खडे, काचा, बाटल्यांची झाकणं उचला. पावसाळ्यात सखल मैदानांचा नाद सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी साचतं आणि वरून सुकलेल्या मातीखाली आठवडाभर चिखल असतो. त्या महिन्यांत शाळेचा हॉल किंवा पत्र्याची शेड घ्या आणि स्पंजचा चेंडू वापरा.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं (बेस म्हणजे पळणाऱ्यानं एकामागून एक गाठायचे चौकोनाचे कोपरे) अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर असतं. लिटल लीगमध्ये लहानांसाठी ६० फूट आहे आणि टी-बॉलला ५० फूटही चालतं. नवख्या पोरांसाठी तेही जास्तच होतं. ५-६ च्या गटाला १२ मीटर आणि ७-८ च्या गटाला १५ मीटर ठेवा. अंतर जास्त झालं तर पोर दुसऱ्या बेसपर्यंत पोचेतो दमतं आणि फेक तर पोचतच नाही. मग चेंडू जमिनीवर पडून राहतो आणि खेळ थांबतो.

चौकोन काटकोनात आणायला मोजपट्टीपेक्षा दोरी बरी. १२ मीटरच्या डायमंडसाठी, म्हणजे या चौकोनासाठी, २४ मीटर दोरी घ्या आणि बरोबर मध्ये गाठ मारा. होमप्लेटच्या, म्हणजे मारणाऱ्याच्या कोपऱ्याच्या, जागी एक खुंटी ठोका. तिथून सरळ १७ मीटरवर दुसरी खुंटी ठोका, ती दुसऱ्या बेसची जागा. दोरीची टोकं दोन्ही खुंट्यांना बांधा, मधली गाठ धरून उजवीकडे ताणा. गाठ जिथे येईल तिथे पहिला बेस. तीच गाठ डावीकडे ताणली की तिसरा बेस मिळतो. १५ मीटरच्या डायमंडला दोरी ३० मीटर आणि खुंट्यांमधलं अंतर २१.२ मीटर. आखून झाल्यावर खुंट्या काढायला विसरू नका. पोरं अडखळून पडतात ती बहुतेक वेळा विसरलेल्या खुंटीवरच.

होमप्लेट ते दुसरा बेस ही रेषा शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळी सातचं ऊन पूर्वेकडून येतं, रेषा अशी असली की ते पिचरकडे बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांत सरळ जात नाही.

रेषा मारायला मैदानाची फक्की घ्या. भिंतीला देतात तो चुना नको, डोळ्यांत गेला तर इजा होते. होमप्लेटपासून ३ मीटरवर एक कमान आखा. मारलेला चेंडू ही कमान ओलांडून गेला तरच खेळात, अलीकडे थांबला तर फाउल आणि पुन्हा मारायचं. ही कमान नसेल तर टीला लागून पायाशी पडलेल्या चेंडूवर चार पोरं एकदम झडप घालतात आणि शेजारीच बॅट हलत असते.

सामान

बारा पोरांना दोन टी, चार बॅटा, चार हेल्मेट, वीस मऊ चेंडू, पाच सपाट बेस आणि दोन प्लास्टिकची घमेली लागतात. घमेली कशाला ते पुढे येईल.

टी विकत मिळतो, पण घरी केलेला जास्त टिकतो. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ४५ सेंटिमीटर आणि त्यात सरकणारा ३२ मिलिमीटरचा तेवढाच तुकडा घ्या. आतल्या पाइपला दर ५ सेंटिमीटरला आरपार भोक, बाहेरच्याला वरच्या टोकाजवळ एकच भोक, आणि दोन्हींतून जाणारा बोल्ट. झाली उंची बदलायची सोय. आतल्या पाइपच्या डोक्यावर गाडीच्या रेडिएटरच्या होजचा १५ सेंटिमीटर तुकडा क्लिपनं घट्ट बसवा आणि क्लिपवर रबराची पट्टी गुंडाळा. हा रबरी भाग सोडू नका. बॅट नुसत्या पीव्हीसीवर बसली तर पाइप फुटतो आणि त्याची धार लागते. तळाला शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून ३० बाय ३० सेंटिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट कापून घ्या आणि मध्ये पाइपपुरता सॉकेट वेल्ड करून घ्या. प्लेट साधारण सव्वाचार किलो भरते, फटक्यानं टी आडवा होत नाही. कोपरे घासून गोल करायला सांगा आणि वर रबरी चटई चिकटवा.

चेंडू कुठला हा प्रश्न पालकांकडून पहिल्याच दिवशी येतो. खरा बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या लेदर चेंडूच्या जवळपास, आणि तेवढाच कडक. या वयाला तो नको. पहिला महिना टेनिस बॉल घ्या, तो ५८ ग्रॅमच्या आसपास असतो. नंतर बेसबॉलच्या आकाराचा पण आतून मऊ असा सेफ्टी बॉल. टेनिस बॉलला चिकटपट्टी गुंडाळून जड करायची गल्लीतली पद्धत इथे चालणार नाही, पट्टी लावलेला चेंडू गालावर वळ उठवतो.

बॅट २४ ते २६ इंचांची, हलकी ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची. पोराला ती एका हातानं खांद्याच्या रेषेत समोर धरायला सांगा. दहा मोजेपर्यंत टोक खाली आलं तर बॅट जड आहे. 'पुढच्या वर्षी उपयोगी पडेल' म्हणून घेतलेली मोठी बॅट या वर्षीचा फटका बिघडवते: टोक खाली पडतं, चेंडूऐवजी टी मारला जातो.

हेल्मेट मारणाऱ्यानं आणि बेसवर असलेल्यानं घालायचंच. क्रिकेटचं हेल्मेट डोक्याला नीट बसत असेल तर सुरुवातीला भागवता येतं. मान हलवली की डोळ्यांवर येणारं हेल्मेट मात्र नसल्यापेक्षा वाईट. चार हेल्मेट बारा डोक्यांवर फिरणार, म्हणजे उवाही फिरणार. प्रत्येकानं घरून रुमाल आणायचा, तो डोक्याला बांधून वर हेल्मेट.

ग्लोव्हची घाई करू नका. नवा चामडी ग्लोव्ह पाच वर्षांच्या पोराला मिटता येत नाही. चेंडू त्यात आपटून बाहेर येतो आणि पोर समजतं की आपल्याला झेल जमत नाही. पहिले तीन आठवडे उघड्या हातांनी टेनिस बॉल. नंतर ९ किंवा १० इंची मऊ ग्लोव्ह, आणि तो ज्या हातानं फेकत नाही त्या हातात. विकेटकीपर बघितलेलं पोर दुसरा ग्लोव्ह मागणारच. 'मग फेकणार कशानं?' एवढं विचारा, पुरे.

बेससाठी सपाट रबरी तुकडे, बाजू साधारण ३८ सेंटिमीटर. वीट, दगड, चप्पल नको, घोटा मुरगळतो. पहिल्या बेसला दोन तुकडे जोडून ठेवा. आतला पांढरा चेंडू घेणाऱ्याचा, बाहेरचा भगवा पळणाऱ्याचा. पोरांच्या टकरी सगळ्यात जास्त पहिल्या बेसवर होतात आणि या दोन रंगांनी त्यातल्या बऱ्याच टळतात.

पहिल्याच दिवशी सांगायच्या दोन गोष्टी

एक, चेंडू माणसाला मारायचा नाही. लगोरी आणि आबाधुबी खेळलेल्या पोराला पळणारा दिसला की हात आपोआप उचलतो. त्या खेळांत तेच बरोबर असतं. इथे पळणाऱ्याला बाद करायचं ते बेसवर पाय ठेवून चेंडू हातात घेऊन, किंवा चेंडू असलेला हात त्याला लावून. फेकून नाही. हे तोंडानं सांगून भागत नाही. एका मोठ्या माणसाला पळवा, दुसऱ्यानं चेंडू बेसवर फेकून दाखवा, मग पोरांकडून करून घ्या.

दोन, बॅट. फटका मारून पळताना पोर बॅट मागे भिरकावतं आणि टी-बॉलमध्ये खरा धोका चेंडूपेक्षा या बॅटचा आहे. त्यासाठीच ते घमेलं. होमप्लेटपासून दोन पावलांवर, पहिल्या बेसच्या वाटेला पण रेषेच्या बाहेर ठेवा. मारायचं, बॅट घमेल्यात टाकायची, पळायचं. बॅट घमेल्यात पडल्याचा 'ठप्प' आवाज आला की सगळ्यांनी 'पळ की!' ओरडायचं. पोराला त्या ओरडण्याची इतकी गंमत वाटते की तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून ते स्वतःच घमेलं शोधतं. बॅट बाहेर पडली तर परत येऊन घमेल्यात टाकायची आणि मग पळायचं, शिक्षा एवढीच. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी टीपासून किमान सहा मीटर लांब, दोरीच्या मागे बसायचं. रिकाम्या हातांनी. दोरीमागे कुणाच्याही हातात बॅट दिसता कामा नये.

फटका

टी पोराच्या कमरेइतका उंच करा. तो पोटासमोर नाही, पुढच्या पायाच्या रेषेत हवा. हे बहुतेक ठिकाणी चुकतं, कारण टी सरळ होमप्लेटच्या मध्यावर ठेवला जातो आणि पोर प्लेटला लागून उभं राहतं. मग हात आखडतात आणि फटका ढकलल्यासारखा होतो. टी जागेवर ठेवून पोराला अर्धं पाऊल मागे घ्या, निम्मी चूक तिथेच जाते.

दोन्ही हात मुठीला मूठ लावून धरायचे. उजवं पोर असेल तर जेवायचा हात वर. डावखुऱ्या पोराचाही जेवायचा हात बहुतेक घरांत सक्तीनं उजवाच केलेला असतो, म्हणून त्याला लिहायचा किंवा दगड मारायचा हात विचारा. बॅट जमिनीवरून उचलून मागच्या खांद्याच्या वर. क्रिकेटचा सरळ फटका मोडायला 'बॅट आडवी' म्हणण्यापेक्षा 'मारून झाल्यावर बेंबी पिचरकडे' म्हणा. कंबर फिरली की बॅट आपसूक आडवी येते.

चेंडूवर स्केचपेननं मोठा ठिपका काढा आणि ठिपका मारणाऱ्याकडे करून ठेवा. 'चेंडूकडे बघ' म्हटलं तर पोर चेंडूकडे बघून मारताना वर बघतं. 'ठिपक्याला मार' म्हटलं की नजर टिकते.

बॅट सारखी टीवर बसत असेल तर आधी बॅट हलकी करून बघा. तरीही तेच झालं तर पोर चेंडूच्या फार जवळ उभं आहे का ते बघा. चेंडूच्या वरून हवेत जात असेल तर टी कमरेच्या खाली राहिलाय, एक भोक वर घ्या.

फेक आणि झेल

बोट लहान, चेंडू मोठा, त्यामुळे दोन बोटांची पकड जमत नाही. तीन बोटं वर, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट. खांदा निशाणाकडे वळवून आडवं उभं राहायचं, पुढचा पाय टाकायचा, कोपर खांद्याइतकं वर. कोपर खाली राहिलं तर फेक ढकलल्यासारखी येते आणि पुढे दंड दुखतो. निशाण म्हणून लगोरीच्या सात फरश्या पाच मीटरवर रचा. पोरांना आणखी काही सांगावं लागत नाही.

झेलाला दोनच आकार. चेंडू कमरेच्या खाली आला तर ओंजळ, करंगळीला करंगळी. छातीच्या वर आला तर त्रिकोण, अंगठ्याला अंगठा. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला गुडघे वाकवून ओंजळ जमिनीला टेकलेली हवी. पायांनी अडवणं हा फुटबॉलच्या पेठांत वाढलेल्या पोरांचा दुसरा स्वभाव. त्यावर रागवायचं नाही, चेंडू अडला हे चांगलंच. फक्त 'आता उचल आणि फेक' म्हणा.

तासाचा हिशेब

बारा पोरं एका टीसमोर रांगेत उभी केली आणि प्रत्येकाला मिनिटभर लागलं, तर तासात एका पोराला पाच फटके मिळतात. उरलेली पंचावन्न मिनिटं ते माती उकरतं. त्याऐवजी चार-चार जणांचे तीन गट करा: एक टीवर, एक लगोरीच्या फेकीला, एक झेलाला. आठ मिनिटांनी शिट्टी, गट बदलायचे. टीच्या चार मीटर समोर दोरीवर जुनी जाड चादर टांगा, सोलापुरी उत्तम. चेंडू तिच्यावर आपटून तिथेच पडतात आणि शोधायला कुणी धावत नाही. एकाला सलग पाच चेंडू, मग दुसरा. अशा दोन पाळ्या आठ मिनिटांत बसतात आणि प्रत्येकाला दहा फटके मिळतात. प्रत्येक गटाला एक मोठं माणूस हवंच. तीन माणसं नसतील तर पोरं कमी घ्या.

पहिली पाच मिनिटं पळणं, चोवीस मिनिटं तीन गट, पाणी, मग पंचवीस मिनिटं खेळ. ५-६ वर्षांच्या पोरांचे गट सहा-सहा मिनिटांनी बदला आणि खेळात एकच इनिंग घ्या, त्यापुढे त्यांचं लक्ष टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सात ते आठ. नंतर ऊन चटकतं. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागली का ते विचारत बसू नका.

खेळ लावताना

सहा विरुद्ध सहा. मैदानात पिचरच्या जागी एक, तीन बेसवर तीन, एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये), एक त्यांच्या मागे. कॅचर (होमप्लेटमागे चेंडू झेलणारा) नाही, होमप्लेटवर मोठं माणूस. प्रत्येक इनिंगला जागा बदलायच्या, नाहीतर दांडगं पोर कायम पिचरच्या जागी आणि बुजरं कायम मागे असतं.

सहाही जणांनी एकदा मारलं की पाळी बदलली. कितीही बाद झाले तरी. पहिला महिना एका फटक्याला एकच बेस. शेवटचा मारणारा मात्र सगळ्या बेसवरून होमपर्यंत पळतो आणि त्याच्या पुढचे सगळे होमला येतात. ही पाळी रोज वेगळ्याला द्या, कारण तिच्यावर भांडणं होतात. गुण लिहू नका. पालक बोटांवर मोजतात, मोजू द्या, पण त्यांना तिसऱ्या बेसच्या बाहेर आठ मीटरवर बसवा. फुटबॉल सामन्यांच्या वेळची शाहू स्टेडियमच्या गॅलरीतली ईर्षा इथे आली की पोर फटक्याआधी बाबांकडे बघायला लागतं.

चेंडू गेला की सहाही पोरं त्याच्यावर तुटून पडतात. 'आपापल्या जागेवर थांबा' म्हणून उपयोग नाही, जागा दिसत नाही तोवर ती नसतेच. प्रत्येकाच्या पायाखाली फक्कीचं दीड मीटरचं वर्तुळ काढा आणि त्याला 'घर' म्हणा. चेंडू ज्याच्या घराच्या जवळ, त्यानंच उचलायचा. बाकीच्यांचा एक पाय घरात. तीन-चार वेळा तरी मोडणारच, पाचव्यांदा कुणीतरी 'माझ्या घराजवळ आला, मी घेणार!' असं ओरडतं.

एखादं पोर मारून थेट तिसऱ्या बेसकडे पळतं. दर वर्गात एक तरी असतं. होमप्लेटपासून पहिल्या बेसकडे फक्कीची पाच पावलं काढा आणि प्रत्येक फटक्याआधी 'कुठे पळायचं?' म्हणून बोटानं दाखवायला लावा. पहिल्या बेसवर थांबायचं नाही, भगव्यावर पाय मारून सरळ पुढे जायचं. थांबायला सांगितलं की पोर तीन पावलं आधीच हळू होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर मात्र थांबायचं, तिथे पुढे गेलं तर बाद होता येतं.

बाद करणं दुसऱ्या महिन्यात आणा, तेही फक्त पहिल्या बेसवर. बाद झालेलं पोर रडतंच. दोरीमागे गेल्यावर पुढच्या मारणाऱ्याचं हेल्मेट बांधायचं काम त्याच्याकडे द्या.

टीवरून फेकीकडे

दहातले सात फटके कमानीच्या पलीकडे जायला लागले आणि बॅट न सांगता घमेल्यात पडायला लागली की पोराला फेकलेला चेंडू द्या. पोरांपोरांनी पिचिंग करायचं नाही, मोठ्या माणसानंच. चार-पाच मीटरवर एक गुडघा टेकून बसा, चेंडू आधी वर धरून दाखवा, मग खालच्या हातानं सपाट टाका. पाच चेंडू, त्यात लागला नाही तर लगेच टी पुढे आणायचा, पोराचं हसं न होऊ देता. दया येऊन लोक चेंडू उंच झोका देऊन हळू टाकतात आणि पोराला तोच सगळ्यात अवघड जातो. वरून खाली येणारा चेंडू आडव्या बॅटला क्षणभरच भेटतो, सपाट येणारा चेंडू बॅटच्या वाटेत जास्त वेळ असतो. सलग तीन चुकले तर वेग कमी करू नका, एक मीटर जवळ सरका.